मेंढ्यांच्या लोकरीतली तीन अक्षरं

पाच वाजेपर्यंत पुरावा पाठवा, असा मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा मेल सकाळी आला आणि माझा जीव टांगणीला लागला. 'ब्लॅक सॉइल' ही शहात्तर सालची प्रोग्रेसिव्ह रॉकची रेकॉर्ड, एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, पुन्हा निघणार होती. तिचं कव्हर माझ्या अप्पांनी, म्हणजे सोलापूरच्या शिवयोगी पेंटरांनी केलेलं. खाली काळी भेगाळ जमीन, वर आभाळात तरंगणारा मेंढ्यांचा कळप. लोक त्या चित्रावर जीव टाकतात, पण कव्हरवर चित्रकाराचं नावच नाही! आता छापणार होते, पुरावा मिळाला तर.

"अप्पा, सही कुठं केलीत?"

"न्हाय केली की." अप्पा येरझाऱ्या घालत होते. "सोड ते. लई जुनं झालं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. लहानपणापासून ज्याचं कौतुक ऐकलं, ते असं सोडायचं? मी जुनं कव्हर आणि भिंग घेऊन बसले. पावणेपाचला सापडलं. तीन मेंढ्यांच्या कुरळ्या लोकरीत तीन गोल अक्षरं, चक्क कानडी! मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. पण अप्पांची शाळा कानडीच. मी ओरडले, फोटो काढला आणि 'ही वडिलांची सही' असं लिहून पाठवूनसुद्धा दिला.

अप्पांनी भिंग घेतलं, बघितलं आणि माझ्याकडे न बघता खाली ठेवलं.

आरडाओरडा ऐकून अव्वा, माझी आई, पिठाच्या हातानंच आली. भिंगाशिवाय तिनं एकेका मेंढीवर बोट ठेवलं. "गौ. र. म्मा."

तिचंच नाव. मी अप्पांकडे पाहिलं.

"जमीन मी रंगवली," ते म्हणाले. "आभाळ, मेंढ्या, सगळं तिचं. बँडवाल्यांना मी म्हणलो, माझंच हाय. मग सांगायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं?" अप्पांचा राग आला, आणि माझाही. तुला चित्र काढता येतं का, असं मी अव्वाला जन्मात विचारलं नव्हतं.

पाचला दहा मिनिटं होती. 'चूक झाली' असं लिहून मी चित्रकाराच्या नावापाशी थांबले. "अव्वा, दोघांची नावं टाकू?"

"टाक की. जमीन त्येनीच केलीया." ती पदराला हात पुसत शेजारी बसली. "पर माझं नाव इंग्रजीत लिही, मोठ्या अक्षरात. कानडीत लिहून बघितलं. घरात बी कुणी वाचलं न्हाय."