दाट केसांचा गळ

खाली. आणखी खाली. हिरवा उजेड, मग तपकिरी, मग नुसती थंडी...

थांबा मित्रांनो, मी मधूनच सुरू झालो. बुडायची सवय, दुसरं काय! मी एक जुना गळ आहे. दुकानातला नव्हे, घरी केलेला. शिशाचं वाटाण्याएवढं डोकं, त्यातून निघालेला पोलादी आकडा, कमरेला रबरी धाग्यांची झालर. आणि आकड्याच्या टोकापुढे ब्रशच्या ताठ केसांचा झुपका. तो पाणगवत बाजूला सारतो, म्हणून आकडा गवतात अडकत नाही.

मला घडवणाऱ्या बाबांनी चाळीस वर्षं ब्रश बनवले. आता त्यांची नजर विझत चालली होती. तळ्यात गवत कुठे आहे ते दिसेना. टाकलेला प्रत्येक गळ त्यात रुते, आणि होडी तिथवर वल्हवत नेऊन तो सोडवायचं काम लेकीचं. एकदा सोडवता सोडवता ती पाण्यातच पडली. वर आली ती निथळत, आणि ठरवूनच.

"बाबा, आता बास. आणखी एकदा अडकला की होडी काठावर पालथी घालून ठेवायची. कायमची."

"बरं, कप्तानबाई," बाबा म्हणाले. हसले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्या उघडून लेकीने शिसं वितळवलं, साच्यात ओतलं. मला आधी ऊब कळली, मग बाबांचा अंगठा. माझ्या डोक्यात केसांसाठी एक भोक राखलं होतं. बाबांनी हातांना माहीत होतं तसंच केलं. चांगल्या ब्रशसारखे केस ठासून भरले, गोंद लावला.

पाण्यात गवताचे देठ माझ्या अंगावरून सरकत गेले, झोपेत कुणी डोक्यावरून हात फिरवावा तसे. कुठेच अडकलो नाही. पण तीनदा एक मऊ, काळोखी खोली माझ्याभोवती मिटली आणि तीनदा उघडली. माशाचं तोंड होतं ते. माझे केस वाकेनात, मग आकडा टोचणार कसा?

लेकीने झुपका दाबून पाहिला. "बाबा, याने मासे धरायचेत की त्यांचे दात घासायचेत?"

"माझ्या ब्रशचा केस कधी गळला नाही!"

"म्हणून तर म्हणते, थोडे कापा."

बाबा बराच वेळ मला तळहातावर घेऊन बसले. होडी आपली आपण डुलत होती. मग त्यांनी कातरी मागितली. एक केस कापायचा, अंगठ्याने दाबून पाहायचं. पुन्हा एक. जास्त कापले तर गवत, आणि गवत म्हणजे होडी पालथी. कमी कापले तर दोरी रिकामी.

"अजून एक कापू?"

"मला काय विचारता? अंगठ्याला विचारा."

अंगठा थांबला.

खाली. आणखी खाली. देठ आला, झुपक्यावरून घसरून गेला. दुसरा आला, गेला. मग ती खोली मिटली.

केस वाकले.

होडीत फडफडणारा मासा, पाणीच पाणी, हसणंच हसणं. "रंग कसा आहे गं?" बाबांनी विचारलं.

लेकीने मासा त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "पाठ हिरवी. पोट पिवळं, तुमच्या त्या जुन्या सदऱ्यासारखं."

बाबांनी तो मासा हलकेच पाण्यात सोडला.

आता मला गंज धरतोय. एका उन्हाळ्यात कुणीतरी मला ओलाच डबीत टाकला होता. मित्रांनो, आम्हाला पुसून, वाळवून ठेवा. तुटलेली दोरी तळ्यात सोडून जाऊ नका. आणि कुणाला जपायचं असेल, तर जरूर जपा, पण झुपका फार दाट ठेवू नका.

बाबांना आता काहीच दिसत नाही. तरी होडी तेच वल्हवतात. लेक मागे बसून नुसती सांगते.

"डावीकडे, बाबा. अजून थोडं. हां, टाका."

अंगठा एकदा माझ्या केसांवरून फिरतो.

खाली. आणखी खाली.