राहून गेलेली पायरी

इकडेतिकडे काय बघताय? जरा खाली वाका. जीपच्या दाराखाली, दोन चाकांच्या मधे जो जाड काळा पाइप दिसतोय ना, तोच मी बोलतोय. मला रॉक स्लायडर म्हणतात. नाव साहेबी असलं तरी जन्म कुपवाडच्या एका शेडमधला आहे. डोंगरात गाडी दगडावर टेकली की पत्रा चेपायच्या आत तो दगड मी अंगावर घ्यायचा, एवढंच माझं काम. उजवीकडे माझा जुळा भाऊ आहे, ड्रायव्हरच्या बाजूला. मी डावीकडचा, म्हणजे शेजारी बसणाऱ्या माणसाच्या बाजूचा. माझं दुःख या डाव्या बाजूचंच आहे.

लालासाहेब मिस्त्रींनी मला कापलं, वाकवलं, वेल्डिंग करून रंग दिला. त्यांच्या भिंतीवर आम्ही दोन तऱ्हेचे स्लायडर टांगलेले असायचो. एकाला बाहेरच्या अंगानं, थोडी खाली, रुंद पायरी होती. मी मात्र बिनपायरीचा, गाडीच्या पोटाला चिकटून बसणारा. सांगायला लाज वाटते, पण त्या पायरीवाल्याला मी मनातल्या मनात हसायचो.

एका सकाळी कुंडलचा ऋषिराज जीप घेऊन आला. घरचा बागायती ऊस, तिशीतला गडी, बोलायला मोकळा. त्याला डोंगरात गाडी चढवायचा नाद लागला होता आणि जीपची जुनी फूटस्टेप दगडांनी पार वाकवली होती.

मिस्त्रींनी पायरीवाला पुढं केला. "ह्यो घ्या. दगडाला तेवढाच दणकट हाय, आन् चढायला बी सोपा."

ऋषिराजनं नाक मुरडलं. "पायरी नगं, मिस्त्री. गाडी शिटा भरणाऱ्या वडापची दिसती."

"गाडीत कोण कोण बसतंय?"

"आमी दोस्तलोक. उडी मारली की आत."

"आन् घरातलं?"

"घरातलं कोण येतंय डोंगरात?" असं म्हणून ऋषिराज हसला.

मिस्त्रींनी पायरीवाला परत भिंतीवर टांगला. मीही खूश झालो. जुनी फूटस्टेप काढून भंगारात फेकली गेली. तिच्यावर इतके दिवस कुणाचा पाय पडत होता, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

पहिले दोन महिने मजेत गेले. पाटणच्या बाजूला एका ओढ्यात गाडी कलली आणि मी सगळं वजन एका धोंड्यावर पेललं. दाराला ओरखडासुद्धा नाही! ऋषिराजच्या दोस्तानं, साताऱ्याच्या पृथ्वीराजनं, माझे फोटो काढले. "लय भारी माल हाय रं गड्या," म्हणाला. ऋषिराजनं माझ्यावरून हात फिरवला आणि मी फुगून गेलो.

मग चैत्रात आटपाडीकडची एक जत्रा आली. ऋषिराजची आई हरणाबाई नवं लुगडं नेसून, पिशवीत गूळ घेऊन बाहेर आली. तिची थोरली बहीण रंगूबाई आटपाडीच्या पलीकडे एका वाडीवर दिलेली. आईबाप गेलेले, भाऊ नाही, त्यामुळे दोघींना एकमेकीच तेवढं माहेर होतं. इकडून गूळ जायचा, तिकडून डाळिंबं यायची. गुडघे गेल्यापासून हरणाबाईचं एसटीत चढणं बंद झालं होतं. ती या जीपमधूनच बहिणीकडे जात होती, आणि चढताना पाय ठेवत होती तो त्या भंगारात गेलेल्या फूटस्टेपवर.

तिनं दार धरलं, पाय उचलला. तो माझ्यापर्यंत पोचला खरा, पण माझ्या गोल अंगावरून घसरला. अंकितानं, तिच्या सुनेनं, पळत जाऊन स्टूल आणलं. ते डगमगलं आणि हरणाबाई पडता पडता राहिली.

"आय, मी उचलून बसवतो," ऋषिराज म्हणाला.

"गप रं. पोराच्या कडंवर बसून जत्रंला जाऊ व्हय? समदी गल्ली बघतीया." ती ओट्यावर टेकली. "तू जा. अक्काला म्हणावं, पाय दुखत्यात."

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या रुबाबाची चीड आली. धोंडे पेलणारा मी, एका म्हातारीसाठी वीतभर खाली येऊ शकलो नाही.

पुढं रंगूबाईचा फोन आला की हरणाबाई ओट्यावर येऊन बोलायची आणि मला सगळं ऐकू यायचं. "यायचंय गं अक्का. पर गाडी लय उंच झालीया." गाडी होती तेवढीच होती. पण पोराची चूक आहे, हे ती बहिणीलाही सांगत नव्हती.

अंकिता मात्र सासूसाठी पाठ सोडत नव्हती. "आवं, आदी आत्तींची पायरी करून आणा की."

"रविवारी जातो," ऋषिराज म्हणायचा. मनाचा वाईट नव्हता तो, खरंच जाणार होता. पण एका रविवारी साताऱ्याला जीपवाल्यांचा मेळा निघाला, एका रविवारी पाहुणे आले. एकदा तर सांगलीला जाऊन टपावर चार दिवे बसवून घेतले. कुपवाड तिथून कितीसं लांब? मला तोंड असतं तर तिथंच बोंब ठोकली असती.

श्रावणात एका सकाळी वाडीवरून फोन आला. रंगूबाई गेली.

हरणाबाई रडली नाही. तिनं पेटीतलं कोरं लुगडं काढलं, कारण गेलेल्या बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ती जीपजवळ येऊन उभी राहिली. ऋषिराजनं काही न विचारता तिला दोन्ही हातांवर उचललं. सगळी गल्ली बघत होती. तिनं लुगडं छातीशी धरलं. आत जाताना तिची टाच तेवढी मला लागली.

वाडीवर सगळे तिच्यासाठी खोळंबले होते. रंगूबाईची सून सुलाबाई तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, गाडी वाजली की आत्ती दाराकडं बघायच्या. हरणी आली का बघ, म्हणायच्या." ऋषिराज माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. मला तर फिरवायला तोंडही नव्हतं.

सुतक फिटल्यावर तो कुपवाडला गेला. मिस्त्रींनी माझ्या अंगाला रुंद पायरी जोडली. काम अर्ध्या तासाचं होतं. ते अर्ध्या तासाचं आहे, हे कळल्यावर ऋषिराज तिथंच वाळूच्या ढिगावर बसून राहिला.

आता गाडी वडापची दिसते. दिसू दे. तुम्ही गाडीला काहीही लावा बाबांनो, पण घरातलं एखादं माणूस दाराशी अडखळत असेल, तर ते काम पहिलं करा.

काल ऋषिराजनं दार उघडून धरलं. हरणाबाई आली. तिनं पायरीवर पाय ठेवून बघितला. सहज चढता येत होतं.

"चल आय, कुठंतरी जाऊन येऊ," तो म्हणाला.

तिनं पाय खाली घेतला.

"आता कुणाकडं रं?"