ट्रेथवेचा हात

आमच्या केटल बे गावात जानेवारीची थंडी अशी पडते की माणसाची सावली बर्फाला चिकटून बसते. माणूस घरी जातो, सूप पितो, झोपतो, आणि सावली मात्र बर्फ वितळेपर्यंत पोस्टासमोर उभी. मी नगरपालिकेची बर्फ ढकलायची गाडी चालवण्यात उमर घालवली, तेव्हा निम्म्या गावाच्या सावल्या माझ्याच पात्याने खरवडल्या गेल्या आहेत. हे कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. पण लेम्पी हार्युलाची जी गोष्ट सांगतो आहे, तिच्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घातलंच असेल तर थंडीबाबत.

आमची नगरसभा अग्निशामक बंबखान्याच्या वरच्या मजल्यावर भरते, एका आड एक मंगळवारी. सभासद पाच. निवृत्त झाल्यापासून मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकतो, कारण तिथल्याइतकी ऊब गावात दुसरीकडे फुकट मिळत नाही. मेयरबाई डेल्फीन बोप्रे एरवी पेस्टी, म्हणजे खारे कानवले, भाजून विकतात, त्यामुळे सभेलाही मटण-बटाट्याचा वास येतो. त्यांच्या डावीकडे रॉस्को ट्रेथवे, लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक, मोजकं बोलणारा. उजवीकडे वाइनो केस्कीतालो. हा वाइनो प्रत्येक ठरावाला 'नाही' म्हणतो. नवा पूल, जुना पूल, नाताळची रोषणाई, सगळ्याला नाही. सभा संपवण्याच्या ठरावालाही नाही. त्यामुळे रीतसर पाहिलं तर तो निवडून आल्यापासून अजून पहिल्याच सभेत बसलेला आहे.

त्या मंगळवारी शाळेच्या पोरांचा बर्फावरच्या हॉकीचा अंतिम सामना होता. पाचवा सभासद त्या संघाचाच प्रशिक्षक, तो आधीच मैदानात गेलेला. उरलेल्या चौघांपुढे किरकोळ विषयांचा गठ्ठा होता. गाडीला नवं पातं, बंबखान्यात मासळीच्या जेवणाला परवानगी, कुत्र्यांचे बिल्ले आणि शेवटी टेकडीवरची दफनभूमी. उतार खचत चालला होता, म्हणून तिथे नवीन दफन बंद करून यापुढे सगळ्यांना हमरस्त्याजवळच्या नव्या जागेत पुरायचं.

"एकेक घ्यायचे का?" मेयरबाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं.

"सामना सुरू झाला असेल," स्टँको वुकेलिच म्हणाला. हा आमचा न्हावी आणि चौथा सभासद. त्याचा नातू गोल राखायला उभा होता.

"मग गठ्ठ्यानेच मांडतो," ट्रेथवे म्हणाला.

"माझं अनुमोदन," स्टँकोने कोट चढवत सांगितलं.

तीन हात वर गेले. वाइनो म्हणाला, "नाही."

"कशाला नाही रे, वाइनो?"

"सगळ्यालाच."

त्यानेही काही वाचलेलं नव्हतं. सगळे जिना उतरून धावले, मीही धावलो. सामना आम्ही हरलो.

टेकडीवर ज्यांचा नवरा किंवा बायको आधीच पुरलेली आहे त्यांचं काय, हे त्या संध्याकाळी कोणाच्याच मनात आलं नाही.

लेम्पी हार्युला माझ्या शेजारची. वय चौऱ्याऐंशीच्या पुढेमागे. तिचा नवरा एइनो टेकडीवर पूर्वेच्या कडेला झोपलेला. तिथून सरोवर दिसतं. त्याच्या डाव्या हाताची जागा तिने मोकळी ठेवली होती. उन्हाळ्यात ती तिथे घडीची खुर्ची टाकून विणत बसायची आणि लोक विचारायचे, "लेम्पी, कुठे निघालीस?" तर म्हणायची, "जागा धरायला."

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, सरोवरावरचा बर्फ फुटलेला बघायला मिळेल असं वाटत नाही. तिने मान डोलावली आणि मला म्हणाली, "गाडी काढ. दफनभूमीच्या रखवालदाराला सांगायला हवं. जमीन गोठलेली आहे, ती नरम करायला कोळसा आधीपासून जमवावा लागेल. ऐन वेळी त्याची धावपळ नको."

रखवालदार टोपी काढून उभा राहिला. "लेम्पीबाई, टेकडी बंद झाली. तुम्हाला आता हमरस्त्याजवळ जागा मिळेल."

"बंद? कोणी केली?"

"नगरसभेने."

"त्यांना तर मीच निवडून दिलं," ती म्हणाली. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "हमरस्त्याजवळ मी कोणालाच ओळखत नाही रे."

मी मेयरबाईंकडे गेलो. त्या पीठ मळत होत्या. ऐकलं आणि हात पिठातच राहिले.

"अरे देवा. आम्ही असं केलं?"

"केलंत. हॉकीच्या नादात."

"पुन्हा ठराव आणू. लगेच."

"आणा की."

त्यांनी मान हलवली. "नाही आणता येत. आपल्या गावच्या सनदेत आहे, एकदा निकालात निघालेला विषय वर्षभर परत घ्यायचा नाही. एकच वाट. पुढच्याच सभेत कोणीतरी फेरविचाराची सूचना मांडायची. आणि ती ज्याने बाजूने हात वर केला होता त्यानेच मांडायची. 'माझं चुकलं' असं त्यानेच उभं राहून म्हणावं लागतं."

"मग तुम्ही मांडा."

"अध्यक्षाला सूचना मांडता येत नाही."

"स्टँको?"

"तो त्या रात्री मैदानाबाहेर घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ड्यूलूथच्या इस्पितळात पडून आहे."

वाइनोने विरोधात मत दिलेलं. सगळ्या गावात एकटा तोच बरोबर निघाला, आणि बरोबर निघाला म्हणूनच त्याच्या हातात काही नव्हतं. प्रशिक्षक तर हजरच नव्हता. राहिला रॉस्को ट्रेथवे.

मेयरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पेस्टी करपल्याचा वास आला तरी कोणी हललं नाही.

ट्रेथवेचं काय आहे ते सांगायला हवं. त्याच्या आजोबांच्या वेळी इथे तांब्याची खाण होती आणि तिथे मोठा संप झाला. कामगारांच्या सभागृहात हात वर करून ठरलं, कोणी कामावर जायचं नाही. आजोबा ट्रेथवेंनीही हात वर केला. पुढे कडाक्याच्या थंडीत त्यांचं पोर तापाने फणफणलं, घरात सरपण नव्हतं, आणि दुसऱ्या सभेत त्यांनी कामावर परतायच्या बाजूने हात वर केला. लेम्पीचा बाप संपाच्या पुढाऱ्यांपैकी. त्याने भर सभेत त्यांना 'फिरत्या हाताचा' म्हटलं. खाण बंद पडली, संपवाले मेले, आजोबा मेले, पण ते नाव मेलं नाही. ट्रेथवे रस्त्याने निघाला की म्हातारे बाकावर बसून तळहात उलटासुलटा करायचे. रॉस्कोच्या बापालाही तेच, रॉस्कोलाही तेच. म्हणून रॉस्कोने सभासद झाल्यापासून एकदा वर केलेला हात कधी फिरवला नाही. दुकानात कोणाला चुकून चुकीचा खिळा दिला, तरी तो म्हणायचा, "तुमचं लाकूड चुकलंय."

मी दुकानात गेलो. तो साखळी मोजून कापत होता.

"कशाला आलास ते कळलं," तो म्हणाला. "मेयरबाईंचा फोन आला होता."

"मग?"

"उतार खचतो आहे. ठराव बरोबर आहे."

"एका म्हातारीच्या वजनाने टेकडी खचणार आहे का, रॉस्को?"

"आणखी काही हवंय का? मला गिऱ्हाईक आहे."

दुकानात तेव्हा माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

पुढच्या सभेच्या मंगळवारी बंबखान्याच्या जिन्यावर रांग लागली. आमच्या सभेला रांग लागणं हे इतकं विचित्र होतं की खाली बंबाचा भोंगा कोणी न दाबता आपोआप एकदा वाजला. लेम्पीला मी आणि रखवालदाराने खुर्चीसकट वर नेलं. ती कापसासारखी हलकी झाली होती, त्या वेळी यावर मला काही थाप सुचली नाही, आताही सुचत नाही.

"लेम्पीबाई, नागरिकांना बोलायला तीन मिनिटं असतात," मेयरबाई म्हणाल्या. "पण तुम्ही..."

"तीन पुरे," लेम्पी म्हणाली. "नियम मोडायला मी आलेले नाही."

ती ट्रेथवेकडे वळली.

"रॉस्को, इकडे बघ. टेबलाकडे काय बघतोस, टेबलाला मत नाही."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ट्रेथवेने मान वर केली.

"तुझ्या आजोबांना नाव कोणी ठेवलं?"

"सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला.

"तू सांगू नकोस, मी सांगते. माझ्या बापाने ठेवलं. आणि तो मेल्यावर मी ते जपलं. तुझ्या बापाच्या मागे म्हटलं, तुझ्या मागेही म्हटलं. धुलाईच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर. तेव्हा बरं वाटायचं." तिला धाप लागली. रखवालदाराने पाणी पुढे केलं, तिने हाताने बाजूला सारलं. "तुझ्या आजोबांचं पोर वाचलं ना रे त्या वर्षी?"

"वाचलं," ट्रेथवे म्हणाला. "तेच माझे वडील."

"म्हणजे तो हात फिरला म्हणून तू आज इथे बसला आहेस. आणि मला आज नेमका तोच हात हवा आहे, ज्याला मी जन्मभर हसले. मागायला लाज वाटते. पण लाजत बसायला वेळ नाही माझ्याकडे." ती थांबली. "एइनो डाव्या कुशीवर झोपायचा. त्याला तसंच ठेवलंय, माझ्याकडे तोंड करून. मी दुसरीकडे गेले तर तो बघत बसेल. एवढंच. झाली माझी मिनिटं?"

मेयरबाईंनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं.

मग जी शांतता पडली ती इतकी घट्ट होती की बंबप्रमुखाने आपली टोपी तिच्यावर अडकवली आणि ती पडली नाही. खोली तापवणारे वाफेचे नळ दरवेळी ठणठणतात, तेही गप्प. आम्ही सगळे ट्रेथवेच्या हातांकडे बघत होतो. ते टेबलावर पालथे पडले होते, नखांत दुकानाचं काळं तेल. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सवयीने आपला तळहात उलटा करायला घेतला. लेम्पीने मान वळवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने हात खिशात घातला.

"मेयरबाई," ट्रेथवे उठला. त्याने शर्टाला हात पुसले. "मेयरबाई, मागच्या सभेत मी बाजूने मत दिलं होतं. न वाचता दिलं. माझं चुकलं. त्या ठरावाचा फेरविचार व्हावा अशी सूचना मी मांडतो."

आणि त्याने उजवा हात वर केला. त्याची काही गरज नव्हती, सूचना मांडताना हात वर करत नाहीत.

"अनुमोदन कोणाचं?" मेयरबाईंनी विचारलं.

प्रशिक्षक तोंड उघडणार, तेवढ्यात वाइनो खाकरला. तो लाल झाला होता. खुर्चीचे दोन्ही हात त्याने असे धरले होते की जणू कोणी त्याला दात उपटायला बसवलंय.

"माझं," तो म्हणाला.

"काय?"

"माझं अनुमोदन. ऐकू येत नाही का? हो. हो म्हणतोय मी!"

सूचना मंजूर झाली. मग मूळ ठरावात भर घातली, ज्यांचा जोडीदार टेकडीवर आहे त्यांना हा ठराव लागू नाही. चारही हात वर. ट्रेथवेचा तर आधीपासून वरच होता. मेयरबाईंना शेवटी सांगावं लागलं, "रॉस्को, खाली घे आता." पलीकडून उठून आलेल्या वाइनोने तो मनगटाला धरून हळूच टेबलावर ठेवला.

"सभा संपवावी अशी सूचना," प्रशिक्षक म्हणाला.

"नाही," वाइनो म्हणाला. तेव्हा कुठे लोकांना श्वास घेता आला.

डॉक्टर बरोबर होते. सरोवरावरचा बर्फ फुटायच्या आत लेम्पी गेली, दुपारची, खुर्चीतच, विणकाम मांडीवर. टेकडीवरची जमीन लोखंडासारखी. आमच्याकडे अशा वेळी जागेवर कोळसा पेटवून वर पत्र्याचं अर्धं पिंप पालथं घालतात, म्हणजे ऊब खाली उतरते. कोळसा ट्रेथवेच्या दुकानातून आला. घेऊनही तोच आला, आणि फावडं घेऊन वाइनो.

"कोळसा थोडा डावीकडे सरकव," ट्रेथवे म्हणायचा.

"नाही."

"एइनोच्या बाजूला ऊब जाईल रे, तिकडची जमीन जास्त घट्ट आहे."

"नाही म्हटलं ना." आणि वाइनो डावीकडे सरकवायचा.

दोघे आळीपाळीने निखारे सारत राहिले. मी त्यांना थर्मासमधून कॉफी पाजली. जमीन अखेर नरम झाली तेव्हा वाफ निघाली, आणि ती सरळ वर न जाता एइनोच्या दगडावर टेकून बसली. हे मी पाहिलं. वाइनोला विचारा, तो नाही म्हणेल.

पाद्रींनी प्रार्थना आटोपली. पेटी खाली उतरली. ट्रेथवेने हातमोजा काढला, वाफाळती माती उचलली, आणि टाकायच्या आधी हात जरा वर धरला, जसा सभेत धरला होता. गावातला एकही तळहात हलला नाही.

पाद्रींनी दबक्या आवाजात विचारलं, "आता बुजवायचं ना?"

"नाही," वाइनो म्हणाला. "अजून नाही. थोडं थांबू."

आणि त्याच्या 'नाही'ला त्या दिवशी कोणाचाच विरोध नव्हता. आम्ही थांबलो. वारा सरोवरावरून येत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता, म्हणजे वाऱ्यामुळेच ते, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. आम्ही इतका वेळ थांबलो की खाली निघालो तेव्हा सावल्या तिथेच राहिल्या, बर्फाला चिकटून, एइनो आणि लेम्पीभोवती कडं करून. निवृत्त असलो तरी गाडी मागून मला त्या खरवडून काढता आल्या असत्या. पण मी पातं टेकडीवर नेलंच नाही.

उन्हाळा लागला तशा त्या आपापल्या माणसांकडे परत आल्या. एक तेवढी उशिरा आली, हात वर केलेली. ट्रेथवे म्हणतो ती त्याची नव्हे.