न धुतलेला टॉवेल

मनुष्यप्राणी आपल्या जागेविषयी जितका हट्टी असतो, तितकाच मार्जारप्राणीही असतो. किंबहुना काकणभर अधिकच. ही गोष्ट माझी थोरली बहीण आमच्या घरी कायमची राहावयास आली, तेव्हा माझ्या प्रत्ययास आली.

आमची लॉन्ड्री आहे. खाली दुकान आणि वर आम्हा पतिपत्नींचा संसार. खाली दिवसभर यंत्रांची घरघर, इस्त्रीची वाफ आणि साबणाचा दरवळ. वर मात्र निवांतपणा. ह्या निवांतपणाचा अधिपती म्हणजे माझ्या पत्नीचा करडा बोका. संध्याकाळी दुकान बंद होऊ लागले की तो घडी केलेल्या कपड्यांच्या प्रत्येक फळीवरून गस्त घालून येतो, म्हणून त्याचे नाव हवालदार.

ताईने पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुस्तके शिवण्यात आयुष्य वेचले. तिचे यजमान पूर्वीच निवर्तले होते आणि पोटी अपत्य नव्हते. आमची आई गेल्यावर मला तिनेच लहानाचे मोठे केले. ती उतारवयात एकटी राहते, हा विचार मला स्वस्थ बसू देत नसे. अखेरीस माझ्या विनवण्यांना यश येऊन ती आली. सोबत एक ट्रंक, सुईदोऱ्याचा डबा आणि झाकणाच्या टोपलीत काळीकुळकुळीत मांजरी. तिचे नाव शाई.

"छोट्या," ताई म्हणाली. माझे केस पिकले तरी तिच्यालेखी मी छोट्याच आहे. "राहते मी. पण शाईचं इथे जमलं नाही, तर मी माझी वेगळी खोली घेईन. कुणाच्या घरात भांडणाचं मूळ व्हायला मी आले नाही."

"अगं, दोन मांजरं ती! त्यांचं काय एवढं?" मी म्हणालो.

आणि त्या दोघांची ओळख करून द्यावी, ह्या सद्हेतूने मी त्यांस दिवाणखान्यात समोरासमोर बसविले. पुढे जे घडले त्यास युद्ध हाच शब्द योग्य होय. फुलदाणी पडली, पडदा फाटला, शाई कपाटावर चढली आणि हवालदार खाली शेपटीची केरसुणी करून गुरगुरत राहिला.

शेजारच्या शिंप्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. "काय हो लॉन्ड्रीवाले, नणंद-भावजयीची जुंपली की काय?"

"नाही हो, मांजरांची."

"मग काही चिंता नाही. मांजरांचं मिटतं!"

वास्तविक नणंद-भावजयींमध्ये चकार शब्द होत नव्हता. आदराचा नुसता पूर वाहत होता. "वन्सं, तुम्ही बसा." "नाही वहिनी, तुम्ही बसा आधी." असे होता होता दोघीही उभ्या राहत आणि मधली खुर्ची रिकामी राही. ताई आपले अंथरूण पहाटेच गुंडाळून ट्रंकेमागे ठेवी. स्वतःचे कपडे ती स्वतःच धुई; लॉन्ड्रीच्या घरात राहून आमच्या बोचक्यात तिने रुमालसुद्धा टाकला नाही. मला त्यात सौजन्याखेरीज काहीही दिसले नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण, परंतु बोलण्यात करड्या. त्यांनी सर्व हकिकत ऐकली.

"दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. वाळूचं घमेलं वेगळं, पाण्याची वाटी वेगळी. मांजर आधी वासानं ओळखतं, डोळ्यांनी नंतर. तेव्हा एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवायचं, रोज अदलाबदल. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. वासाला गुरगुरणं थांबलं की मग दार थोडं उघडा. आणि भांडली तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा सरकवा. ओरडायचं तर अजिबात नाही."

मी हा उपदेश घरी दोघींना शब्दशः सांगितला. दोघींनी तो मनोभावे पाळला. हवालदाराचा निळा टॉवेल रोज ताईच्या खोलीत जाई, शाईचा पिवळा टॉवेल रोज आमच्या खोलीत येई. टॉवेलावर कोणी गुरगुरत नसे. हुंगून पाहण्याचीही तसदी कोणी घेत नसे. आम्ही ह्याचा अर्थ असा काढला की मैत्री जमली. एके दुपारी मी मोठ्या विश्वासाने दार उघडले.

हवालदार बाणासारखा आत गेला. मी पुठ्ठा शोधू लागलो, तोवर ताईने मध्ये हात घातला. शाईचा कान फाटला आणि ताईच्या मनगटावर तीन लाल रेघा उठल्या.

माझी पत्नी हळद आणि कापूस घेऊन धावली. "वन्सं, माझ्या मेल्या बोक्यानं..."

"त्याचं काय चुकलं, वहिनी? घर त्याचं आहे." ताईने मनगटाभोवती रुमाल गुंडाळला आणि माझ्याकडे पाहिले. "छोट्या, ते खोलीचं मी नक्की करून टाकते. महिनाअखेरीला टेम्पो बोलाव."

ती रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो. ती शांतपणे बोलली, म्हणून मी आता निरुपयोगी झालेला पुठ्ठा शोधत राहिलो.

शाईचा कान दाखवावयास आम्ही तिघेही दवाखान्यात गेलो. पत्नीने टोपलीत निळा टॉवेल अंथरला होता. डॉक्टरीणबाईंनी शाईस उचलले, औषध लावले आणि मग तो टॉवेल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्याची चौघडी इतकी धारदार होती की एखाद्या हॉटेलाने हेवा करावा. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हा कुणाचा?"

"आमच्या हवालदाराचा," पत्नी अभिमानाने म्हणाली. "रोज ह्यांच्या खोलीत पाठवते."

"धुऊन?"

"मग! धुऊन, स्टार्च करून, इस्त्री मारून. आमची लॉन्ड्री आहे, बाई!"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "आणि तुमचा, आजी?"

ताई ओशाळली. "मीही धुऊनच द्यायची. त्यांच्याकडून इतका स्वच्छ यायचा, मी मळका कसा परत करू?"

"अहो, ह्याला तुमच्या दुकानाचा वास येतोय! ह्यात मांजर आहेच कुठे? इतके दिवस तुम्ही त्या बिचाऱ्यांची साबणाशी ओळख करून दिलीत!"

"पण मळकं कापड वन्संच्या खोलीत पाठवू?" पत्नी कळवळून म्हणाली. "ज्या घरात गावाचे कपडे धुतले जातात, त्या घरात? काय म्हणतील त्या मला?"

"तुम्हाला काय म्हणतील ते नंतर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पंधरवडाभर ह्या दोन टॉवेलांना पाणी लावायचं नाही."

घरी पोहोचल्यावर पत्नी आमच्या खोलीत गेली आणि पलंगाखालून हवालदाराची जुनी चादर ओढून बाहेर आली. तिच्यावर केसांचा थर, कुठे दुधाचा डाग. ती चादर तिने दोन बोटांत धरून, मान फिरवून ताईच्या दारात पुढे केली, जणू स्वतःचा गुन्हा हजर करीत होती.

ताईने ती घेतली. उलगडून पाहिली. आणि अकस्मात हसू लागली.

"हसा, हसा," पत्नी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"अगं, तुला हसत नाही गं! ह्या घरात एवढी तरी घाण आहे, हे बघून जीव भांड्यात पडला माझा." ताई दारातच खाली बसली. "आल्यापासून मी जीव मुठीत धरून वावरते. चहा प्यायला की कप विसळून ठेवते. आणि मी पाठ फिरवली की तू तोच कप पुन्हा विसळतेस. मला वाटायचं, माझं उष्टंसुद्धा हिला नको."

पत्नी तिच्यासमोर मटकन बसली. "अहो, तुम्ही कप विसळता म्हणजे माझ्या हातचं पटत नाही, असं मला वाटायचं! मी रागानं विसळायची."

"रागानं?"

"मग काय प्रेमानं? एक कप किती वेळा धुवायचा माणसानं!"

मी मध्ये काही समजुतीचे बोलावे म्हणून घसा खाकरला. "तुम्ही खाली जा," पत्नी म्हणाली. "मशीन लाव," ताई म्हणाली. दोघींचे एकमत होताना मी प्रथमच पाहिले, आणि खाली गेलो.

त्या दिवसापासून खरा उपचार सुरू झाला. न धुतलेले कापड पाहून हवालदार प्रथम फिस्कारला, शाईने चादरीस दोन थपडा दिल्या, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "उत्तम! आता बोलणं सुरू झालं." पुढे ते फिस्कारणे रोडावले. जेवणाच्या ताटल्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी थोड्याथोड्या जवळ सरकल्या. मग ताईने पुस्तक शिवण्याचा जाड दोरा दाराखालून सोडला. त्याचे एक टोक इकडून हवालदार ओढी, दुसरे तिकडून शाई. दार उघडले तेव्हा मी पुठ्ठा हाती धरून सज्ज होतो. तो लागला नाही. हवालदार सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसला, शाई खिडकीत. दोघांनी एकमेकांकडे पाहून सावकाश डोळे मिचकावले आणि पाठ फिरविली. ह्यास प्रेम म्हणता येणार नाही. परंतु अनेक घरांत ह्याहून कमी असते.

स्वयंपाकघरातून आता आवाज येऊ लागले होते. "वन्सं, मीठ किती घातलंत हो, समुद्र आटवला की काय?" "तू घालतेस ते मीठ की मिठाची आठवण?" शिंप्याने खिडकीतून विचारले, "मांजरं पुन्हा?" मी म्हणालो, "नाही, ह्या वेळी नणंद-भावजय." तो गंभीरपणे म्हणाला, "मग आता काळजी घ्या."

काळजी मला महिनाअखेरीची होती. मी टाळाटाळ केल्यावर ताईने स्वतःच ठरविलेल्या टेम्पोविषयी ती काही बोलत नव्हती आणि विचारावयाचे धैर्य मजपाशी नव्हते. मिठावरून भांडणाऱ्या माणसाने मुक्काम ठरविला आहे की निरोपाची तयारी चालविली आहे, हे मला ओळखता येईना.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी मी दुकान उघडले. घरच्या कपड्यांचे बोचके कोपऱ्यात सुटून पडले होते. त्यात माझे सदरे होते, पत्नीचे पातळ होते आणि त्यांच्यात गुंतलेली ताईची जांभळी गोधडी होती, जी आजवर दिवसा कधी ट्रंकेमागून बाहेर आली नव्हती. तिच्या एका कडेवर हवालदार झोपला होता, दुसऱ्या कडेवर शाई. मध्ये बोटभर अंतर होते, पण शाईची शेपटी त्याच्या पंजावर पडली होती आणि त्याने ती राहू दिली होती.

मी वाकून गोधडीस हात लावणार, तोच जिन्यावरून पत्नी खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, राहू द्या. आज ते धुवायचं नाही."

तिच्या मागे ताई चहाचा अर्धा कप हातात घेऊन उभी होती. मांजरांकडे पाहत तिने उरलेला चहा संपविला, आणि उष्टा कप इस्त्रीच्या टेबलावर तसाच ठेवला.

"छोट्या," ती म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याला तूच फोन कर बाबा. मला लोकांना नाही म्हणायला जमत नाही."