आईने रिकामी केलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी. मला आणलं होतं साखर भरायला, पण नशिबी आले लाकडी मणी.

या घरातली थोरली मुलगी चावायची. धाकट्या भावाने खेळणं हिसकावलं की हिचे दात त्याच्या दंडात! मग आई हातातलं काम टाकून धावत येई, ओरडे, समजूत घाली. शेवटी आई मुलीला घेऊन मुलांच्या वागण्यावर उपचार करणाऱ्या बाईंकडे गेली.

बाई म्हणाल्या, "चावलं की आई धावत येते, हे तिला पक्कं कळलंय. आता उलट करा. न चावता 'मला राग आलाय' म्हणाली, की लगेच एक मणी बरणीत टाका. चावली तर मणी नाही आणि ओरडणंही नाही, फक्त भावाला बाजूला घ्या. पण पडलेला मणी पुन्हा काढायचा नाही हं. ती तिची कमाई."

"बरणी भरली की काय हवं?" आईने मुलीला विचारलं.

"एक अख्खी दुपार. तू आणि मी. तो नको."

काय दिवस होते ते! मुलगी मला उजेडात धरून मणी बघायची. भावाच्या दंडावरचे वण फिके पडले. काचेची छाती फुगत नाही, नाहीतर माझी नक्की फुगली असती.

मी गळ्यापर्यंत भरले होते, तेव्हा मावशी आली. मावसभावाने मुलीचं चित्र टरकावलं. "मला राग आलाय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मोठी माणसं गप्पांत रंगली होती. मी ऐकलं, पण बरणीला कोण विचारतो? मग ती चावली.

"चारचौघांत नाक कापलंस माझं!" म्हणत आईने मला ओट्यावर उपडं केलं. मुलगी रडली नाही. तिने एकही मणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला पश्चात्ताप झाला. तिने मणी पुन्हा भरले. "चल, आज दुपारी आपण दोघीच जाऊ."

"नको. त्याला ने."

पुढे चावणं सुटलं. नातेवाईक म्हणाले, गुण आला. मला मात्र वाईट वाटतं, कारण रागाचं ते वाक्यही सुटलं.

मित्रांनो, मोठे झालात की कुणाची कमाई रागाच्या भरात हिरावून घेऊ नका. आई आजही भाजी चिरताना मधेच थांबून विचारते, "काय गं, काही झालंय का?"

मुलगी म्हणते, "काही नाही."