सात मनुका

ताई चार वाजता येणार होती. तोपर्यंत आईने ओट्सच्या कुकीज कुणाच्याही मदतीशिवाय करून दाखवायच्या, असं ठरलं होतं. जमलं तर आई याच घरात राहणार. नाही तर शुक्रवारी वृद्धाश्रमात. तिथली खोली ताईने सांगून ठेवली होती. मागच्या महिन्यात आईने रक्तदाबाची गोळी घेतली, घेतल्याचं विसरून पुन्हा घेतली आणि न्हाणीघरात पडली. मी शाळेतून शिकवून परत येईपर्यंत ती तशीच फरशीवर होती.

"तू नुसतं बघायचंस," ताईने मला बजावलं होतं. "तोंड उघडायचं नाही, हात लावायचा नाही."

आईने बशीत सात मनुका मोजून ठेवल्या. ही तिची जुनी पद्धत. एक जिन्नस भांड्यात पडला की एक मनुका तोंडात. लोणी, साखर, अंडं, मैदा, सोडा, ओट्स, जर्दाळू. बशी रिकामी झाली की मिश्रण तयार. लहानपणी मी त्यातली एक मनुका पळवली, तर त्या दिवशी कुकीज जर्दाळूवाचून भाजल्या गेल्या आणि माझ्या पाठीत धपाटा बसला. आई दवाखान्यात कंपाउंडर होती. मोजलेल्या वस्तूला हात लावणं हा तिच्या लेखी गुन्हाच.

चार मनुका संपल्या. आईने चमचाभर सोडा घातला आणि तिला काहीतरी आठवलं.

"आमच्याकडे एक म्हातारा यायचा. डॉक्टरांनी सांगितलं, बाटली हलवून औषध घ्या. हा औषध प्यायचा आणि मग स्वतः उड्या मारायचा!"

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. मग तिने बशीकडे पाहिलं. तीन मनुका.

"सोडा राहिला," ती म्हणाली, दुसरा चमचा घातला आणि मनुका खाल्ली.

मी तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. ताई निघाल्याचं सांगत असणार. आई हात पुसत बाहेरच्या खोलीत गेली. माझ्याकडे पाच मिनिटं होती. सोडा काढता येत नाही, पण बाकीचं वाढवता येतं. मी लोणी, साखर, अंडं, मैदा, सगळं पुन्हा तेवढंच घातलं. ओट्स आणि जर्दाळू तिचे ती घालणारच होती, म्हणून एकेक माप मी आधीच मिसळून टाकलं. प्रमाण पुन्हा जुळलं.

आई परत आली, ओट्स घातले, जर्दाळू घातले, दोन्ही मनुका खाल्ल्या. "भांडं लहान वाटतंय गं आज," एवढंच म्हणाली.

ती गोळे करून ट्रेवर मांडू लागली. ताई आली तेव्हा दोन्ही ट्रे भरले होते. एकेकावर बारा.

"वा! जमलं की," ताई म्हणाली आणि पर्स काढून खुर्चीला अडकवली.

आई भांड्यात बघत होती. भांडं अजून अर्धं भरलेलं होतं. वस्तुमान कुठे नाहीसं होत नाही, हे मी दरवर्षी नववीला शिकवते.

"माझ्या चोवीसच होतात," आई म्हणाली. "काय दोनदा घातलं मी?"

मी ओटा पुसायला घेतला.

"छोटे, तुला विचारतेय."

"सोडा," मी म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुला सांगितलं होतं ना मी?"

"तिच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाली. "हिशेब बरोबर केलाय तिने." बोटांना चिकटलेलं पीठ ती बराच वेळ खरवडत राहिली. "गोळीही मी अशीच घेतली असणार. न्हाणीघरात बाकीचं दुप्पट करायला ही नव्हती, एवढंच."

"आई, आपण शांतपणे बोलू नंतर," ताई म्हणाली.

"नंतर मला आठवायला हवं ना."

तिने पहिला ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि रिकामी बशी धुवायला घेतली.

"तिकडे बायका किती आहेत गं?"

"बत्तीस," ताई म्हणाली.

"मग पुरतील," आई म्हणाली. "उरलेल्या छोटीला ठेवा."