तामणात वाजणारा फोन

गोव्यातल्या हरमलच्या त्या हॉलात खुर्च्या संपल्या होत्या. लोक खिडक्यांना टेकून उभे होते. स्टेजवर तांब्याच्या तामणात, अक्षतांवर, एका शॅकवाल्याचा, म्हणजे किनाऱ्यावर झावळ्यांचं हॉटेल चालवणाऱ्याचा, मोबाइल ठेवला होता आणि दीडशे माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"तुमच्या धंद्याचं कंपन झोपलंय!" भगवा कुर्ता, पांढरे बूट आणि कानाला माइक अशा थाटात ब्रँडगुरू गोकुळदास बोलत होते. "मी ते जागं करतो. ॐ बुकिंगाय नमः!"

तिसऱ्या 'नमः'ला फोन वाजला. स्पीकरवर आवाज आला, "हॅलो, दिल्ली से बोल रहा हूँ. आठ दिन के लिए दो कमरे मिलेंगे?"

हॉलात टाळ्यांचा कडकडाट झाला. शॅकवाल्याचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या माझ्या कमलाक्षीताईने हात जोडले.

मी साखळी गावात शाळेत संगणक शिकवतो. ताईच्या हरमलात पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता, "गौरेश, फाल्यांच्या सभेत ब्रँडगुरूंच्या जाहिरातीच्या करारावर सही करतंय. तू एकदा बघ तरी."

बघायला आलो, तो दारातच खटकलं. टॅब घेतलेल्या एका मुलीने ताईचं नाव आणि नंबर लिहून घेतला, वर दोनदा वाचून खात्री केली. मला विचारल्यावर मी म्हटलं, "मी नुसता सोबत आलोय." कंपनाला दहा आकडी नंबर कशाला लागतो, हे मला कळेना. आणि मघाशी गुरूंनी शॅकवाल्याचं नाव पुकारताच तीच मुलगी टॅबवर काहीतरी टाइप करत होती.

"ताई, तुझा फोन मला दे. स्टेजवर माझा घेऊन जा."

"कित्याक रे? देवाच्या कामात असली थट्टा नाका."

"खरा देव असेल तर त्याला फोन ओळखता येईल."

तिने रागाने बघितलं, पण फोन बदलला.

"कमलाक्षीताई, पुढे या!" ताईने माझा फोन तामणात ठेवला. गुरूंनी डोळे मिटले. एक नमः. दोन. तीन. चौथ्या नमःला माझ्या खिशात ताईचा फोन खणखणला.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उचलून स्पीकर लावला. "हॅलो, दिल्ली से बोल रहा हूँ..."

"साहेब, दिल्लीत आत्ता आमच्या गुरूंचा आवाज कसा ऐकू येतोय?"

कारण गुरूंचा जप चालूच होता आणि त्या फोनमधून, हॉलात घुमणारं 'नमः' क्षणभर मागाहून पुन्हा ऐकू येत होतं. पलीकडून फोन पटकन कट झाला.

"कंपन भरकटलं!" गुरू गरजले. "सभेत संशयी माणूस बसला की असंच होतं!"

ताई मात्र स्टेजवरच उभी होती. स्टेजमागच्या खोलीचं दार तिच्यापासून चार पावलांवर, आणि फोनवरचा तो आवाज तिला त्याच्याआडूनही ऐकू आला होता. तिने ते ढकललं. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक तरुण, समोर दोन मोबाइल, एकावर नुकताच आलेला मेसेज: कमलाक्षी आणि तिचा नंबर.

"हीच तुजी दिल्ली काय रे?" ताईचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

तरी काही लोक म्हणू लागले, फोनची युक्ती असेल, पण करार तर खरा आहे ना? मांद्र्याच्या सदाशिवाने सही केली, त्याला फायदा झाला, त्याचा फोटो बॅनरवर आहे!

ताईला दिलेला करार इंग्रजीत होता, बारा पानांचा. सही फक्त शेवटच्या पानावर. "आधी वाचला की संकल्प फुटतो," असं गुरूंनी बजावलेलं. मी तो मोठ्याने, मराठीत सांगत वाचला. पान चार: बुकिंग मिळेलच अशी हमी नाही. पान सात: इंटरनेटच्या नकाशावरचं तुमच्या धंद्याचं पान, त्यावरचा फोन नंबर, फोटो आणि पाहुण्यांचे अभिप्राय गुरूंच्या कंपनीच्या मालकीचे. पान अकरा: पाच वर्षं करार मोडता येणार नाही.

ताई खाली बसली. आठ वर्षांत पाहुण्यांनी तिच्या नावापुढे लिहिलेले सव्वादोनशे अभिप्राय, हीच तिची सगळी जाहिरात होती.

मी सर्वांसमोर मोबाइलवर तोच नकाशा उघडून सदाशिवाच्या पानावरचा नंबर लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "त्यांच्याकडे जागा नाही. आमच्या दुसऱ्या रिसॉर्टमध्ये देते." मग ओळखीच्या एकाने सदाशिवाच्या घरचा नंबर दिला.

"जागा नाही?" सदाशिव हताशपणे म्हणाला. "दोन महिने सगळे खोले रिकामे आसत. माका वाटला, माझाच नशीब फुटका."

मी फोन ठेवला. मागे वळलो तेव्हा टॅबवाली मुलगी आणि गुरू दोघेही नव्हते. त्यांच्याविरुद्ध आम्ही तक्रार दिली. सदाशिवाचं पान अजून परत मिळालेलं नाही. त्याचे अर्ज चालू आहेत.

ताईला जाहिरात मात्र हवीच होती, आणि त्यात चूक काहीच नाही. डिचोलीची पल्लवी असली कामं करते. ती ताईच्या ओसरीवर बसली आणि दोघींनी मिळून मराठीत दीड पान लिहिलं: महिन्याला किती फोटो, जाहिरात कुठे, काम कधी तपासायचं, पान आणि पासवर्ड ताईच्या नावावर, पटलं नाही तर महिनाभर आधी सांगून मोकळं.

"आणि गिऱ्हाईक येतलीच ना?" ताईने विचारलं.

"ते मी लिहून देऊ शकत नाही, काकी. काम काय करणार, तेवढंच लिहीन."

ताईने चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोनदा थांबून प्रश्न विचारले, एक शब्द बदलायला लावला, आणि मग सही केली.

मित्रांनो, धंदा वाढवणारी माणसं असतात, पण ती आपलं काम उघड सांगतात. 'वाचू नका' असं जो म्हणतो, त्याला एकच विचारा: कागदात असं काय आहे, जे मी वाचलेलं तुम्हाला चालणार नाही?